आधी गाठ, मग रंग

बऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यात कुसुम रंगारी रागीट म्हणून प्रसिद्ध होती, आणि उगाच नव्हती. कॉलेजात ती रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होती, म्हणजे मुलांकडून प्रयोग करून घेणारी बाई. एका वर्षी बाहेरगावचे परीक्षक प्रयोगशाळेत सिगारेट ओढत फिरत होते आणि शेजारच्या टेबलावर भसकन पेट घेणाऱ्या ईथरची बाटली उघडी होती. कुसुमनं त्यांच्या बोटांतली सिगारेट काढून घेतली आणि बेसिनमध्ये विझवली. 'माफ करा' वगैरे काही म्हणाली नाही. परीक्षकांचा त्या दिवशी जीव वाचला, पण वाचल्याचं त्यांना कळलं नाही, अपमान तेवढा कळला. तशी लेखी तक्रार त्यांनी केली. रागावणं वाईट, असं सांगत फिरणारी माणसं पुष्कळ असतात, आणि बहुतेक वेळा ज्यांच्यावर रागवावं अशीच ती असतात.

तेहतीस वर्षांची झाली होती, लग्न झालं नव्हतं. तीन स्थळं येऊन गेली. रंगाऱ्याची पोर, त्यातून बी.एस्सी., त्यातून हा स्वभाव. चौथं स्थळ आणायची हिंमत कुणी केली नाही. घरी ती आणि तिचा बाप, निंबा रंगारी. आई ती लहान असतानाच गेली होती. निंबा बांधणीचं काम करायचा. कापडावर सुताच्या बारीक गाठी घट्ट मारायच्या, कापड रंगाच्या हंड्यात बुडवायचं, राजघाटावर नेऊन तापीत धुवायचं, वाळलं की गाठी सोडायच्या. गाठीखालची जागा पांढरी राहते आणि कापडावर ठिपके उमटतात. कुसुम सहा वर्षांची असल्यापासून गाठी मारायला बसत असे. एकदा खेळायला जायच्या घाईत तिनं अख्ख्या पदराच्या गाठी ढिल्या मारल्या. रंग आत शिरला, पदर नासला, आणि ती हंड्याला लाथ मारून रडायला लागली.

"रंगाले काह्याले मारतं?" निंबा म्हणाला होता. "त्याचं काम त्यानं केलं. गाठ तुही ढिली होती."

आता निंबाच्या दोन्ही डोळ्यांत पडदा आला होता. हंड्याखालची चूल विझून दोन वर्षं झाली होती. घरातून राजघाटापर्यंतची वाट तेवढी तो पायांनी ओळखायचा, दुसऱ्या कुठल्या गावात तो अंगणसुद्धा ओलांडू शकला नसता. ही गोष्ट कुसुम विसरत नसे, आणि पुढं जे झालं ते त्यामुळंच झालं.

छप्पन्न सालच्या नोव्हेंबरात नवं मध्य प्रदेश राज्य झालं. बऱ्हाणपूर होतं तिथंच राहिलं. नागपूर मात्र पलीकडं मुंबई राज्यात गेलं, आणि नागपूरहून आणलेली कुसुमची पदवी एका दिवसात परराज्यातली झाली. चार राज्यांचं मिळून एक झालं, तशा चार राज्यांच्या नोकरांच्या चार याद्यांची एक यादी करायची ठरली. त्याला सगळे इंटिग्रेशनची लिस्ट म्हणत. त्या लिस्टेनं त्या वर्षी किती घरांची झोप उडवली याचा हिशेब कुणी ठेवला नाही. ग्वाल्हेर-इंदूरकडचे, रीव्याकडचे, भोपाळचे आणि इकडचे जुन्या मध्य प्रदेशातले, सगळे एका रांगेत उभे केले, आणि मग कचेऱ्यांत बसलेल्यांनी ठरवायचं की कुणी पुढं सरकायचं आणि कुणी मागं. कुसुम सात वर्षं हंगामी होती. समिती आली, विभागप्रमुखाचा शेरा चांगला पडला, तर ती व्याख्याती म्हणून बऱ्हाणपुरातच कायम होणार होती. शेरा वाईट पडला तर शाळेवर बदली, राज्याच्या कुठल्याही टोकाला.

आणि विभागप्रमुख नवे होते. अरविंद सबनीस. ग्वाल्हेरकडून त्याच लिस्टेतून आलेले. माणूस मराठी, गोड बोलणारा, शिपायालासुद्धा 'आपण' म्हणणारा. कुसुमला वाटलं, चला, आपल्या भाषेचा माणूस आला. सबनीसांचा आवाज कधी चढत नसे. चढायची गरजच नव्हती, सगळी लिस्ट त्यांच्या पेनात होती.

सबनीसांनी येताच एक बेत आखला. सत्तावन्नच्या ऑक्टोबरअखेर समिती कॉलेजात येणार होती, आणि त्याच दिवशी राज्याच्या पहिल्या वाढदिवसानिमित्त विज्ञानाचं प्रदर्शन होतं. गाव विणकरांचं, तेव्हा रसायन विभागानं ॲनिलीनपासून कापडावरचा तांबडा रंग करून दाखवावा. बेत चांगला होता. कुसुमला मनापासून आवडला, कारण हा रंग ती गेली चार वर्षं बी.एस्सी.च्या मुलांकडून करून घेत होती. बैठकीत तिनं उत्साहानं सांगितलं की तीन दिवस लागतील.

"तीन दिवस?" सबनीस हसले. "एका पायरीचं काम आहे, बाई. कार्यक्रमपत्रिकेत मी तसंच छापायला दिलंय. ॲनिलीनचं सरळ नायट्रेशन."

कुसुमच्या कानशिलात काहीतरी फाडकन तडकलं.

हा रंग समजायचा तर एवढं समजलं पाहिजे. ती मुलांना सांगायची, बेन्झीनचं कडं म्हणजे सहा घरांची आळी. एका घरात आधीच कुणीतरी राहतोय. नवा भाडेकरू आला तर कुठल्या घरात जाईल हे तो स्वतः ठरवत नाही, आधी राहणारा ठरवतो. आधीचा देता हाताचा असला, म्हणजे अमिनो, हायड्रॉक्सी, मिथिल असला, तर नव्याची सोय झटपट होते, आणि त्याला मिळतं शेजारचं घर किंवा अगदी समोरचं. शेजारचं म्हणजे ऑर्थो, समोरचं म्हणजे पॅरा. आधीचा नायट्रोसारखा सगळं आपल्याकडं ओढणारा असला तर आळीत यायलाच कुणी धजत नाही, आणि आलाच तर एक घर सोडून पलीकडं, मेटाला बसतो. क्लोरिन मात्र कचेरीतल्या बड्या बाबूसारखा. काम अडवून ठेवणार, पण शेवटी पाठवणार ऑर्थो-पॅराच्याच टेबलाकडं. मुलं हसायची आणि त्यांच्या कायमचं लक्षात राहायचं.

मग ती खरी मेख सांगायची. ॲनिलीनमधला अमिनो देता हाताचा, हे सगळी पुस्तकं सांगतात. पण नायट्रेशन करायचं तर तीव्र आम्लात करावं लागतं, आणि आम्लात पडल्याबरोबर अमिनो आम्लातला प्रोटॉन पकडून बसतो. जे द्यायचं तेच त्यात गुंतलं, आता देणार काय? माणूस तोच, घर तेच, पण आता तो नव्याला मेटाकडं ढकलतो. निम्मा माल तिकडं जातो. शिवाय उघडा अमिनो नायट्रिक आम्लात जळतो, त्याचं डांबर होतं. म्हणून आधी अमिनोला बांधून घ्यायचं. ॲसेटिक ॲनहायड्राइड घालून ॲसिटॅनिलाइड करायचं, ही गाठ. मग बर्फात ठेवून नायट्रेशन, तेव्हा नायट्रो समोर जाऊन बसतो. मग पातळ आम्लात उकळून गाठ सोडायची. पिवळेधमक स्फटिक मिळतात, पॅरानायट्रोॲनिलीन. कापड नॅफ्थॉलमध्ये भिजवून वाळवायचं, आणि त्या स्फटिकांपासून बर्फात केलेल्या द्रावात बुडवायचं. पॅरा असेल तर कापड डोळ्यांदेखत तांबडं होतं. मेटा किंवा ऑर्थो असेल तर नारिंगी. पुस्तकाला फसवता येतं, कापडाला येत नाही.

हे सगळं तिनं त्या बैठकीत सबनीसांना सांगितलं. आवाज चढवून सांगितलं, हे कबूल केलं पाहिजे.

"अमिनो ऑर्थो-पॅरा आहे," सबनीस शांतपणे म्हणाले. "पहिल्या वर्षाच्या पोराला माहीत असतं."

"ॲनिलीनमध्ये आहे, सर. आम्लात ते ॲनिलीन राहतं कुठं?"

"बाई, मी अठरा वर्षं शिकवतोय."

"मग अठरा वर्षांत एकदा तरी करून बघितलंत का?"

बैठकीतले बाकीचे दोघे तिघे आपापल्या नखांकडं बघायला लागले. सबनीसांनी टिपणवही मिटली. "राग आवरा," ते म्हणाले, "तुमच्याच भल्याचं सांगतो." आणि मागणीपत्रातल्या ॲसेटिक ॲनहायड्राइडवर त्यांनी काट मारली.

पाठ केलेला नियम माणसाला असा आंधळा करतो. नियम खोटा नव्हता, पण तो कधी लागू होतो हे न बघता तो हातात काठीसारखा धरून फिरायचं, आणि जो बघ म्हणेल त्यालाच त्या काठीनं हाणायचं, याला काय म्हणावं? कुसुमला त्यांच्या अज्ञानाचा राग नव्हता. न येणाऱ्या पोरांना तिनं वीस वीस वेळा शिकवलं होतं. तिचा राग होता तो त्या हसण्यावर.

प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी सबनीसांनी स्वतः प्रयोग केला. मदतीला सुलभाला घेतलं. सुलभा शेवटच्या वर्षाची, वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी, आणि कुसुमची लाडकी, जरी लाडकी म्हणजे काय हे तिला फक्त जास्तीची बोलणी खाऊन कळलं असेल. कुसुमला त्यांनी प्रयोगशाळेबाहेर थांबायला सांगितलं. ती व्हरांड्यात उभी राहिली, जाळीतून बघत. आम्लाचं मिश्रण बर्फात ठेवलं होतं, एवढं तरी बरं. सबनीसांनी ॲनिलीन घातलं. तपकिरी वाफ भसाभसा वर आली, सुलभा खोकत मागं सरली, आणि फ्लास्कमधला ऐवज आधी लाल, मग तपकिरी, मग हंड्याच्या बुडासारखा काळा झाला. बर्फ कमी पडला असता तर खिडकीच्या काचा गेल्या असत्या. त्या डांबरातून जे काही वेचता आलं त्याचा द्राव करून त्यांनी कापड बुडवलं. गढूळ नारिंगी रंग आला, जागोजागी काळपट, जणू कुणी त्यावर चहा सांडलाय.

प्रयोगशाळेचा जुना परिचर पंडित, कॉलेज सुरू झाल्यापासून तिथं असलेला माणूस, त्यानं तो फ्लास्क बेसिनखाली सरकवून ठेवला. "ये धुलेगा नहीं," तो एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सबनीस कुसुमच्या टेबलापाशी आले. खुर्ची ओढून बसले. गेल्या वर्षी मुलांनी केलेली पॅरानायट्रोॲनिलीनची एक बाटली कपाटात आहे ना, त्यांनी विचारलं. आहे, ती म्हणाली.

"उद्या सकाळी ती टेबलावर ठेवा. चिठ्ठी काढून. कापड मी त्यातूनच रंगवीन. पद्धत मी समितीला तोंडी सांगतो."

"कुठली पद्धत?"

"पत्रिकेत छापलीय ती."

कुसुमनं हातातलं पेन टेबलावर आपटलं.

"शेरा उद्या संध्याकाळी लिहायचाय," सबनीस म्हणाले. "मला चांगला लिहायचाय, बाई. तुम्ही लिहू द्या."

एवढं बोलून ते उठले, खुर्ची पुन्हा जागेवर ठेवली. खुर्ची जागेवर ठेवणाऱ्या माणसाला लोक सज्जन म्हणतात.

संध्याकाळी घरी येऊन कुसुमनं भांडी आपटली, दार आपटलं, आणि निंबाला सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं, आबा म्हणतील, थू त्याच्या तोंडावर. निंबा ओट्यावर बसून ऐकत होता.

"रंग लाल येईन ना?" त्यानं विचारलं.

"येईल. बाटली खरी आहे."

"मंग ठेव ना, पोरी. बाटलीच त हाय."

"आबा, तो खोटं सांगणार आहे. पोरं तसंच लिहितील, तसंच करतील. एखाद्याचं तोंड भाजेल."

"आन तुले दूर धाडलं त मी कोनापाशी राहू?" निंबा म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की तिला आधी कळलंच नाही. "भागाबाईच्या घरी? तिची सून मले दारात बसवीन."

भागाबाई म्हणजे त्याची बहीण. तिच्या सुनेबद्दल तो खोटं बोलत नव्हता. कुसुम त्याच्यावर भयंकर चिडली. आयुष्यभर एका ढिल्या गाठीसाठी ज्यानं अख्खा पदर पुन्हा धुवायला लावला तो माणूस आज म्हणतो, बाटलीच तर आहे. पण तिच्या रागाला त्या घरात बसायला जागाच सापडत नव्हती, कारण समोरचा म्हातारा घाबरलेला होता आणि त्याचं चुकलेलं नव्हतं.

सकाळी सात वाजता ती कॉलेजात गेली. कपाट उघडलं, बाटलीवरची 'ॲसिटॅनिलाइडमार्गे' अशी तिच्याच अक्षरातली चिठ्ठी ओल्या फडक्यानं काढली आणि बाटली टेबलाच्या मधोमध ठेवली. खिडकीपाशी सुलभा परीक्षानळ्या पुसत होती. कुसुम तिच्याशी एक शब्द बोलली नाही.

समिती अकराला आली. तिघं जण, अध्यक्ष जबलपूरकडचे निवृत्त प्राचार्य, पांढरी टोपी, हातात काठी. सबनीसांनी नॅफ्थॉलचं वाळवलेलं कापड द्रावात बुडवलं आणि ते तांबडं झालं, भडक, उजेडाला लाजवील असं. बघणारी मुलं टाळ्या वाजवायला लागली. कुसुमला तो रंग बघून घाणेरडं वाटलं. तो तिचा होता, गेल्या चार वर्षांतल्या पोरांचा होता, बर्फात बोटं बधिर करून घेतलेल्या पोरांचा, आणि सबनीस तो चिमट्यात धरून वाढप्यासारखे मिरवत होते.

"सीधा नाइट्रेशन?" अध्यक्षांनी विचारलं. त्यांना काहीतरी खटकलं असावं, कारण त्यांनी सबनीसांना सोडून सुलभाकडं बघितलं. "बेटी, आप बताइए. कैसे बना?"

ऑगस्टात याच मुलीनं पेपरात गाठीची आकृती काढली होती, प्रोटॉन कुठं बसतो तेसुद्धा दाखवलं होतं. वीसपैकी वीस द्यायला हात धजत नाही म्हणून कुसुमनं एकोणीस दिले होते.

सुलभा उभी राहिली. स्वच्छ आवाजात, एकही शब्द न अडखळता तिनं सांगितलं की अमिनो गट ऑर्थो-पॅरा दिशा देणारा असल्यानं ॲनिलीनचं सरळ नायट्रेशन करून पॅरानायट्रोॲनिलीन मिळवलं. अध्यक्षांनी क्षणभर बाटलीकडं बघितलं. मग मान हलवली, "अच्छा" म्हणाले, आणि समिती प्राचार्यांच्या खोलीत फराळाला गेली. सबनीस जाता जाता कुसुमकडं बघून हसले. मनापासून हसले, आभार मानल्यासारखे.

खोली रिकामी झाली तशी कुसुम सुलभावर तुटून पडली.

"लाज नाही वाटली? डांबर तुझ्या डोळ्यांदेखत झालं. खोकत होतीस तू. कशासाठी बोललीस? मार्कांसाठी?"

सुलभानं मान खाली घातली नाही. तिचे डोळे भरले होते, पण तीही संतापलेली होती. "बाई, मुझे मालूम था. मला सगळं येतं, तुम्हीच शिकवलं. मी ठरवून आली होती की खरं बोलणार."

"मग?"

"सुबह बाटली तुम्ही ठेवली. चिठ्ठी पण तुम्हीच काढली, मी बघितलं. मला वाटलं, बाईच ठेवतात तर बाईंचीच मर्जी असेल. मग मी एकटी काय बोलणार?"

सकाळपासूनचा, आठवडाभराचा राग सबनीसांवर, आबावर, लिस्टेवर, या पोरीवर फिरून फिरून आला होता, आणि आता तो ज्याचा होता त्याच्याकडं येऊन उभा राहिला. तिनं स्वतःला मनातल्या मनात अशी एक शिवी दिली जी राजपुऱ्यातल्या बाया फक्त नळावर देतात. मग ती खाली वाकली, बेसिनखालचा काळा फ्लास्क काढला, खिळ्यावर टांगलेलं गढूळ कापड ओढलं, आणि चालू लागली.

प्राचार्यांच्या खोलीत मावा जिलबीच्या बशा फिरत होत्या. ती दार न ठोठावता आत गेली आणि फ्लास्क पांढऱ्या टेबलक्लॉथवर ठेवला. त्याच्या बुडाचा काळा गोल कापडावर उमटला.

"सरळ नायट्रेशनचं हे होतं," ती म्हणाली. "आणि त्याचा रंग हा असा येतो. तुम्ही बघितलेला तांबडा रंग दुसऱ्या मालाचा आहे. तो तीन पायऱ्यांत होतो, आधी अमिनो बांधावा लागतो. मुलांना जर सरळ करायला सांगितलं तर एक दिवस कुणाचे तरी डोळे जातील."

तिनं हे मराठीत सांगितलं आणि मग हिंदीत सांगितलं, म्हणजे कुणी समजलं नाही असं म्हणायला नको. सबनीस हातातली बशी धरून बसून राहिले. प्राचार्य उठले आणि परत बसले. अध्यक्षांनी काठीनं फ्लास्क थोडा फिरवला, आत वाकून बघितलं, वास घेतला.

"आप ठीक कह रही हैं," ते म्हणाले. "मुझे शक था." त्यांनी खिशातून पेन काढलं. "फिर वो बोतल मेज़ पर किसने रखी?"

खोलीत सगळे तिच्याकडं बघत होते. सबनीस म्हणाले असते, 'मी सांगितलं होतं', तर गोष्ट वेगळी झाली असती. ते बशीकडं बघत राहिले. त्यांनी सांगितलं होतं, हे ती म्हणू शकत होती. तिनं ते म्हटलंही, पण त्याआधी अध्यक्षांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, कारण प्रश्न तोच होता.

"मी ठेवली."

अध्यक्षांनी ते लिहून घेतलं. सबनीसांच्या सांगण्यावरून ठेवली, हे तिचं दुसरं वाक्य ऐकून घेतलं, लिहून घेतलं नाही. शेवटी सबनीसांनी तोंड उघडलं, ते असं म्हणायला की बाई तापट आहेत, पण कामाच्या आहेत.

डिसेंबरात हुकूम आला. 'समितीसमोर बनावट नमुना मांडल्याबद्दल' कुसुम रंगारी यांची बदली राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, सीधीकडच्या एका मुलींच्या शाळेत करण्यात येत आहे. सबनीस विभागप्रमुखाच्या जागेवर कायम झाले. हुकमात फ्लास्कचा उल्लेख नव्हता. खरं बोलायची शिक्षा अशी खऱ्याच शब्दांत लिहून येते, त्यात खोटं काढायला जागा नसते, आणि हेच वाचून कुसुमला सगळ्यांत जास्त संताप आला. निंबाला तिनं भागाबाईकडं नेऊन सोडलं. त्यानं भांडण केलं नाही. ओसरीवर कुठं बसायचं एवढं विचारलं, आणि सुनेनं दाखवलेल्या जागी बसला.

निघायच्या दिवशी दुपारी सुलभा राजपुऱ्यातल्या घरी आली. खोलीत सामान बांधून ठेवलेलं होतं, लालबागच्या स्टेशनाला नेणारा टांगा दारात उभा होता. सुलभानं वही पुढं केली. सबनीस सरांनी काल फळ्यावर सगळं नव्यानं लिहून दिलं, ती म्हणाली. आता सरळ नायट्रेशन करायचं नाही, असं त्यांनी बजावलं.

कुसुम ट्रंकेवर बसली आणि तिनं वही वाचली. तिन्ही पायऱ्या होत्या. ॲसिटिलेशन, बर्फात नायट्रेशन, पातळ आम्लात उकळणं. तापमानं बरोबर होती, प्रमाणं तिच्याच जुन्या तक्त्यातली होती. वर लिहिलं होतं, प्रा. सबनीस यांचं व्याख्यान. तिला वही भिंतीवर फेकावीशी वाटली. तिनं ती पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"अमिनो का बांधायचा, हे यात कुठं आहे?"

"ते नाही सांगितलं सरांनी. बोले, बस ऐसा करना है."

"तुला येतं. सांग."

सुलभानं सांगायला सुरुवात केली आणि घाईत प्रोटॉनपाशी गोंधळली. कुसुमनं तिला थांबवलं आणि पुन्हा सांगायला लावलं. टांगेवाला हाका मारत होता. तिसऱ्या वेळी सुलभानं सगळं सांगितलं. आम्लात अमिनोचं काय होतं, तो मेटाला का ढकलतो, बांधल्यावर नवा समोर का बसतो. कुठंही अडखळली नाही. कुसुमनं वही मिटून तिच्या हातात दिली.

"उद्या वर्गात उभी राहा आणि त्यांना विचार, का बांधायचं. सगळ्यांसमोर विचार."

"सर रागावतील, बाई."

"रागावू दे," कुसुम म्हणाली. "उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नकोस."